बर्डन्ड म्हणजे नेमकं काय

७ ऑक्टोबर

प्रिय अक्का,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मला ओरडून बोलता येत नाही, कारण हे पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकतात. म्हणून पत्र. काम तुझ्याच विषयातलं आहे, तेव्हा कंटाळा करू नकोस. मला सांग, ‘बर्डन्ड’ म्हणजे नेमकं काय?

हसू नकोस. तू गेलीस त्याच कॉन्व्हेंटात मीही गेले, ओझ्याखाली दबलेला एवढा अर्थ मलाही येतो. मला हवाय त्याचा वापर. नवरा बायकोला तो शब्द केव्हा म्हणतो? रागावून म्हणतो, की दया येऊन? तू जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलंस, तुला ठाऊक असणार.

सगळं सांगते. यांचं डोकं शाबूत आहे, समजतं सगळं, पण जीभ आणि उजवी बाजू अर्धांगाच्या झटक्यात गेली ती गेलीच. दवाखान्यातून एक पाटी मिळाली आहे. पांढरी, प्लॅस्टिकची, वर ए बी सी डी. डाव्या हाताच्या बोटाने हे एकेक अक्षर दाखवतात आणि मी ते जोडून वाचते. ‘वॉटर’, ‘फॅन’, ‘टू हॉट’. मला हाक मारायची तर वाय-ओ-यू. दिव्याच्या उघडझापीतला मोर्स कोड वाचत बसावं तसं आमचं हल्लीचं बोलणं. भांडण तर नाहीच. या पाटीवर भांडायला बसलं तर जेवणाची वेळ टळून जाईल.

काल दुपारी मी धुतलेल्या चादरी घड्या करत होते. एक टोक हनुवटीखाली धरून, हात लांब करून, तू हसायचीस तशी. यांनी पाटीवर टकटक केली. मी गेले. बोट फिरायला लागलं : ‘यू आर बर्डन्ड’.

मी म्हटलं, “काहीतरीच तुमचं!” आणि चहा टाकायला निघून गेले. चहा टाकला, उतू गेला, पुन्हा टाकला. त्यात जीव लागेना. अक्का, माझा चेहरा तसा दिसतो का गं?

लवकर लिही.

तुझी,
बेबी

१३ ऑक्टोबर

प्रिय बेबी,

पासष्टी ओलांडलेल्या बाईला ‘बेबी’ लिहिताना आता माझंच मला हसू येतं, पण दुसरं काय लिहू?

आधी शब्द. ट्रक ‘लोडेड’ असतो. झाड फळांनी ‘लेडन’ असतं, आणि त्यात झाडाची तक्रार नसते. न विचारता एखादं काम आपल्या गळ्यात मारलं की आपण ‘सॅडल्ड’ होतो. ‘बर्डन्ड’ वेगळा. तो बहुधा आतल्या ओझ्याला लावतात. काळजीने बर्डन्ड, अपराधाच्या भावनेने बर्डन्ड. बाहेरून बघणाऱ्याला ते ओझं दिसेलच असं नाही. म्हणून, बेबी, तो शब्द दुसऱ्याला लावायचा तर त्याच्याकडे बरंच निरखून बघावं लागतं.

आता मला पडलेलं कोडं. मेहुणेबुवा आणि इंग्रजी! तुझ्या लग्नात त्यांनी आपल्या शाळेच्या मदरला खुर्ची दाखवत ‘प्लीज सिट ऑन मी’ म्हटलं होतं, आठवतं? मदर लाल झाली आणि आपण दोघी मांडवाच्या कनातीमागे जाऊन हसून बेजार झालो. मराठी शाळेतला माणूस, पुढे सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. लिफ्टवाल्याला ‘लोड’ शब्द आपल्या नावासारखा पाठ असतो. प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते त्याची. मग त्यांनी ‘लोडेड’ का म्हटलं नाही? ‘बर्डन्ड’ त्यांनी कुठून आणला? मुद्दाम शोधून आणला असला, तर तो सहज म्हटलेला नाही.

आणि एक विचारू? रागावू नकोस. हा शब्द नक्की त्यांचाच ना? तुझा नव्हे?

तुझी,
अक्का

२० ऑक्टोबर

अक्का,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. राग आला होता. मग वाटलं, राग आला म्हणजे काहीतरी लागलं असणार.

शब्द त्यांचाच. पण सगळी अक्षरं त्यांची नव्हेत. ते बी-यू-आर-डी पर्यंत येतात, त्यांचा हात थरथरायला लागतो, आणि मी मोठ्याने म्हणते, “बर्डन्ड का?” मग ते मान हलवतात. सगळेच शब्द मी असे पुरे करते. नाहीतर एका वाक्याला अख्खी दुपार जाईल. आता तू विचारलंस तेव्हापासून मला कळेनासं झालंय. मी त्यांचं वाचते की त्यांच्या बोटाखाली माझंच लिहून घेते?

आणखी एक तुला सांगितलं नव्हतं. ‘यू आर बर्डन्ड’ नंतर ते थांबले नव्हते. पुढे अक्षरं दाखवली : ‘गिव्ह मी’. तिथे बोट थांबलं. मी विचारलं, “काय देऊ? पाणी? चष्मा?” त्यांनी मान नाही म्हणून हलवली आणि तीच अक्षरं पुन्हा दाखवली. ‘गिव्ह मी’. मी वाट बघत उभी राहिले, पुढचा शब्द काही येईना. मी रेडिओ दिला, उशी दिली, वर्तमानपत्र दिलं. शेवटी डोळे मिटून भिंतीकडे तोंड केलं त्यांनी.

परवा पुन्हा तेच. मी त्यांचा शर्ट बदलत होते, माझ्या कमरेत उसण भरली, मी “आई गं” म्हटलं. लगेच बोट पाटीवर. ‘यू आर बर्डन्ड. गिव्ह मी.’

काय मागतायत हे? जे मागतायत ते घरात आहे का?

बेबी

२६ ऑक्टोबर

प्रिय बेबी,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मदर आठवली. तिच्या वर्गात अर्धं उत्तर दिलं की ती पट्टी टेबलावर आपटायची. “आन्सर इन अ फुल सेंटेन्स!” पुढे मीही माझ्या मुलींना तेच सांगत आले. ‘गिव्ह मी’ हे वाक्य पुरं नाही. पुढे काहीतरी आहे, ते त्यांच्याच्याने म्हणवत नाही. तू पाणी आणि उशी देत राहिलीस. मला वाटतं, ते स्वतःला देऊन टाकायला सांगतायत. ‘गिव्ह मी अवे.’ किंवा ‘गिव्ह मी अप.’ मला सोडून दे. कुठेतरी ठेव. असं बायकोच्या तोंडावर कोण पुरं म्हणेल?

मला हे इतक्या खात्रीने का वाटतं, ते सांगते. आईचंही अर्धं अंग गेलं होतं, तिची शेवटची वर्षं मी एकटीने काढली. तू सुट्टीत यायचीस, तिचे केस विंचरायचीस, ती तुझ्याशी गोड बोलायची, तू परत जायचीस. मला तेव्हा कुणी विचारलं असतं की बाई, तू बर्डन्ड आहेस का, तर मी तिथेच मटकन खाली बसले असते. कुणी विचारलं नाही. आईनेही नाही. तुला तुझ्या घरात निदान विचारणारा माणूस आहे. त्याचं ऐक.

माझ्या घराजवळ आजारी म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे. मी जाऊन बघून आले. खालच्या मजल्यावर खोली, खिडकीतून झाड दिसतं, व्यायाम करून घेणारी माणसं तिथेच राहतात. मेट्रन कडक आहे पण हसते. खोली त्यांनी आपल्यासाठी अडवून ठेवली आहे. १२ नोव्हेंबरला गाडी पाठवते. मी रोज जाऊन बसेन त्यांच्याजवळ. तूही इकडे येऊन माझ्याकडे राहा. दोघी म्हाताऱ्या एका ताटात जेवू.

नाही म्हणू नकोस.

अक्का

२ नोव्हेंबर

अक्का,

बरं.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण तुला वाटेल मी रुसले. मी रुसलेली नाही. मला काही कळत नाही, एवढंच. तू म्हणतेस तसंच असेल. यांना सरळ विचारावं असं रोज ठरवते, खोलीत जाते, आणि पडदा सरळ करून बाहेर येते. विचारलं आणि त्यांनी ‘हो’ म्हणून मान हलवली तर? ‘नाही’ म्हणाले तर मी काय समजू, मला बरं वाटावं म्हणून नाही म्हणाले?

मी त्यांना सांगितलंय की आपण थोडे दिवस अक्काकडे हवापालटाला जातोय. त्यांनी मान हलवली. खूश झाले का तेही कळलं नाही. अर्धंच तोंड हलतं त्यांचं, त्यामुळे हसणं आणि तोंड वाकडं करणं एकसारखंच दिसतं.

आज त्यांचे स्वेटर आणि पायमोजे बॅगेत भरले. माझं एकही पातळ त्यात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असेल का? ते बघत होते. बघतच होते.

व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी आज विचारत होती, “काकू, काका एवढे गप्प का?” मी म्हटलं, “ते कधी गप्प नसतात?” ती म्हणाली, “नाही हो, माझ्याशी पाटीवर बोलतात की भरपूर!” माझ्याशी नाही, अक्का. तिच्याशी बोलतात.

गाडीची वाट बघते.

बेबी

१५ नोव्हेंबर

बेबी,

हे काय केलंस? गाडी रिकामी परत आली. ड्रायव्हर सांगतो, “बाईंनी मला बसवून चहा पाजला, आणि म्हणाल्या, जा, कुणी यायचं नाही.” मी विचारलं, साहेबांची तब्येत? म्हणतो, “आत कुणीतरी जोरात हसत होतं.” हसत होतं म्हणजे? कोण? त्या घरात हसणारं कोण आहे?

मेट्रन विचारते आहे, मी तिला काय सांगू? शेजाऱ्यांच्या मुलाकडून तुला फोन लावला, तू काहीतरी सांगत होतीस, मला फक्त ‘पुठ्ठा’ एवढंच ऐकू आलं. पुठ्ठा काय? बरी आहेस ना? मेहुणेबुवा बरे आहेत ना?

ताबडतोब लिही. आणि सविस्तर.

अक्का

१८ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

आम्ही बरे आहोत. तू बस, पाणी पी, आणि मग वाच.

११ तारखेला मी बॅगेची चेन लावत होते. मागून धाडकन आवाज आला. वळून बघते तर यांनी पाटी पलंगावरून खाली ढकललेली. मधोमध तडा, एम पासून पुढची बाजू वेगळीच झाली. मी खूप रागावले. इतक्या महिन्यांत यांच्यावर मी आवाज चढवला नव्हता, तो चढवला. “आता बोलणार कशावर? कपाळावर माझ्या?” असं काहीबाही. त्यांचे डोळे बॅगेवर होते.

नवी पाटी कुठून आणू? मिक्सरचा रिकामा खोका माळ्यावर होता. म्हटलं त्याच्याच पुठ्ठ्यावर लिहावं. मार्कर घेतला, जमिनीवर बसले आणि ए लिहिणार तर हात थांबला. अक्का, खरं सांगते, मला काही सुचलं वगैरे नाही. मी यांच्यावर मराठीत ओरडत होते ना, तोंडात मराठीच होती. म्हणून हाताने ‘अ’ लिहिला.

लिहिला आणि बघत राहिले. आपण दोघी एवढ्या शिकलेल्या. तू शब्दकोश घेऊन बसलीस, मी रात्रंदिवस अक्षरं जोडली. दोघींपैकी एकीच्या तरी मनात आलं का गं, की हा माणूस मराठी बोलतो?

मग ए-बी-सी-डी राहिली बाजूला, मी अ आ इ ई काढायला लागले. ‘ऋ’ पर्यंत बरं चाललं. क ख ग घ ठीक. च छ, पुढे ‘झ’ आधी की ‘ज’ आधी ते आठवेना; लिहिता येतं, पण क्रम कधी पाठ नव्हता. त आधी की ट आधी, तिथे तर पार गोंधळ. मी गाण्यासारखं म्हणून बघितलं, त्याशिवाय मला येतच नाही. आणि पलंगावरून आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. हे हसत होते! आवाज फाटका, अर्ध्या तोंडाचा, पण हसणंच. डाव्या हाताने माझ्या ‘झ’कडे बोट दाखवत होते आणि मान हलवत होते, चूक, चूक. कॉन्व्हेंटवाली बाई बाराखडीत नापास! ‘प्लीज सिट ऑन मी’ची फेड एकदम झाली बघ. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने ऐकलं ते हेच हसणं. माझा ‘झ’ त्यांना अजून पुरतोय.

काने-मात्रा-वेलांट्या एका ओळीत वेगळ्या लिहिल्या, वर अनुस्वाराचं ठसठशीत टिंब. पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला. बोट बराच वेळ नुसतं फिरत राहिलं, नव्या घरात शिरल्यावर माणूस फिरतो तसं. मग ‘अ’वर टेकलं. मग ‘ग’वर. मग टिंबावर.

‘अगं.’

अक्का, मला इतके दिवस कुणी ‘अगं’ म्हटलं नव्हतं. नुसतं वाय-ओ-यू होते मी. मला काही दिसेना थोडा वेळ. त्यांनी पुठ्ठ्यावर टकटक केली, पुढे वाच म्हणून. मी तोंड उघडलं, शब्द पुरा करायला. त्यांनी बोट माझ्या ओठांवर ठेवलं. मग सावकाश, एकेक अक्षर, मी गप्प बसून वाचलं.

‘बॅग कुणाची?’

मी म्हटलं, “तुमची. तुम्हीच म्हणालात ना, गिव्ह मी, गिव्ह मी. मला देऊन टाक म्हणून.”

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी लिफ्टच्या खड्ड्यात पाय घालायला निघाले आहे. मग बोट.

‘तुझ्या अंगावर पडलंय सगळं. मला दे.’

“काय देऊ?”

‘काम.’

वाक्य पुरं होतं, अक्का. पहिल्यापासून पुरं होतं. यांच्यापुरतं ते तिथेच संपत होतं. ‘मला दे.’ पुढे काही नव्हतंच. आपण मदरच्या मुली, पट्टी आपटून उरलेलं वाक्य त्यांच्याकडून मागत होतो आणि देईनात म्हणून आपणच लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी व्यायामवाल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “काकांनी मला लोड दाखवलं होतं हो. काकूंवर लोड. मी म्हटलं, काका, माणसावर लोड नसतो म्हणत, बर्डन म्हणतात. त्यांनी पाठ केला शब्द.” पाठ केला! माझ्यासाठी. कॉन्व्हेंटच्या बायकोपुढे चूक व्हायला नको म्हणून.

तू विचारलं होतंस, शब्द त्यांचा की माझा. अजूनही मला नीट उत्तर देता येणार नाही. मी दमले आहे, हे खरं. कंबर दुखते, हेही खरं. ते काल बदललं नाही, उद्याही बदलणार नाही. परवा मी त्यांना मटारच्या शेंगा दिल्या सोलायला. एका हाताने अर्ध्या शेंगा सोलल्या, अर्धे दाणे पलंगाखाली. ते वेचायला पुन्हा मीच वाकले. म्हणजे काम कमी झालं की वाढलं? मला सांगता येत नाही. पण वाकले तेव्हा वरून पुठ्ठ्याची टकटक झाली आणि मी वर बघितलं तर बोट अक्षरं दाखवत होतं, ‘डावीकडे अजून एक.’ मी त्यांच्या अंगावर तो दाणा फेकला. आणि ऐक, त्यानंतर आमचं चक्क भांडण झालं, चहात साखर कमी घालते म्हणून. जेवणाची वेळ टळलीच.

आज सकाळी चादरी वाळल्या. मी सवयीने टोक हनुवटीखाली धरलं. टकटक. मी हनुवटीखालचं टोक काढलं आणि त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी मूठ घट्ट केली. मी दुसऱ्या बाजूने मागे मागे गेले, खोलीच्या दारापर्यंत, चादर मध्ये ताणली गेली, मग पुढे आले, माझं टोक त्यांच्या मुठीत दिलं. घडी वाकडी आली. तशीच ठेवली आहे कपाटात, सगळ्यात वर.

मेट्रनला सांग, खोली दुसऱ्या कुणाला द्या.

तुझी,
बेबी

ता. क. आईच्या वेळचं तू लिहिलंस ते मी वाचलं. त्याचं उत्तर मला पत्रात लिहिता येत नाही. तू ये.

२३ नोव्हेंबर

प्रिय बेबी,

मेट्रनला सांगितलं. तिने हसून, “पुन्हा निरोप बदलला की कळवा,” म्हटलं. म्हातारपणी निरोप बदलतात हे तिला माहीत आहे.

तुझं पत्र वाचल्यावर शब्दकोश पुन्हा काढला. ‘बर्डन्ड’ खाली मी तुला लिहिलं ते सगळं होतं. तुझ्याकडे झालं ते त्यात कुठेच नव्हतं. मग बाल्कनीत जाऊन बसले. आई गेल्यावर सगळे मला म्हणाले, किती केलंस गं. मी मान हलवायची. त्या सगळ्या वर्षांत आईचा डावा हात चांगला होता, बेबी. माझ्या कधी लक्षातच आलं नाही की तिला काही द्यावं. मी तिला नुसती झोपवून ठेवली आणि सगळं स्वतः ओढलं. तिनेही कधी काही मागितलं होतं का? मागितलं असेल आणि मी उशी दिली असेल?

आता कोणाला विचारू?

शुक्रवारी तोच ड्रायव्हर, तीच गाडी. रिकामी यायची नाही. मेहुणेबुवांना सांग, पुठ्ठ्यावर ‘ळ’ आहे का बघून ठेवा, तू विसरली असशील. आणि चादरी माझ्यासाठी थांबव.

मला पण दे.

अक्का